कळणं

सावद्याला, फेगड्यांच्या गिरणीत
चार किलो ज्वारी, किलोभर उडीद
आणि मूठभर खडेमीठ
एकाच डब्यात घेऊन मी उभी असते.
चुडामणभाऊ डबा हलवतात, वास घेतात.
"मीठ टाकेल आहे ना?"
"टाकेल आहे."
मग पट्टा चढतो.

माझंही काम एवढंच आहे
हे त्यांना दहा वर्षांत सांगता आलं नाही मला.
त्यांना वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते.
दोनदा त्यांनी पोराचा प्रिंटर आणून ठेवला आमच्या ओट्यावर.

मी एक भाषा बनवते, लहानशी.
तिच्यात फंक्शनच्या डोक्यावर खूण ठेवता येते:
@
वरून पाहिलेलं जातं जणू,
मधे तोंड, भोवती एक फेरी, शेवट जरा सुटलेला.
खुणेपुढे एक शब्द. मोज. आठव. नोंद कर.
खालच्या फंक्शनला पत्ताही नसतो
आपल्याला कुणी गुंडाळलंय याचा,
केळीच्या घडावर पिशवी चढवावी तसं.
घड आपला भरत राहतो,
हाक मात्र आधी पिशवीला ऐकू जाते.

पिशवीवर पिशवी, तिच्यावर तिसरी.
लाख हाका आल्या तर तीन लाख वेळा
गाठ सोडा, गाठ बांधा.
पुण्याहून वृषाली बऱ्हाटे फोनवर म्हणाली,
"सजावटीला इतका खर्च?"
म्हणून मी कंपायलरला शिकवत बसले:
आत्ताच कळतंय ते आत्ताच करून टाक.
दोन गुणिले तीन दिसलं, सहा ठेव.
ज्या दारातून कधीच कुणी येणार नाही ते बुजव.
पिशवी घडातच विरघळव,
चालत्या कामात गाठ लागायला नको.

कळण्याचं तेच तर असतं.
मीठ रोज परातीत मोजायचं नाही.
ते दाण्याबरोबर दळलं गेलंय,
कणाकणात बसलंय, परत न विचारता.

पहिल्या दिवशी प्रोग्राम चौपट पळाला.
मी शेवभाजी मागवली, एकटीनं संपवली.

मार्चात आईचं बीपी दोनशेवर गेलं.
भुसावळचे डॉक्टर म्हणाले, मीठ बंद.
घरी आलो तर कोठीत सात किलो कळणं.
"चाळून काढ ना," आई म्हणाली,
मग स्वतःच हसली.
दोघी डब्यापाशी उभ्या,
झाकण माझ्या हातात.

त्याच आठवड्यात वृषालीचा फोन.
तीन दिवसांची नोंदवही कोरी.
कंपायलरनं पाहिलं, ही वही प्रोग्रामात कुणी वाचत नाही,
मग लिहायची कशाला?
आणि 'नोंद कर' ही पिशवी
शिस्तीत, माझ्याच नियमानं, विरघळून गेली होती.
रात्रभर कोड वाचला. चूक कुठेच नव्हती.
ज्याला मी न बदलणारं म्हटलं होतं
ते फक्त अजून बदललं नव्हतं.

चुडामणभाऊंनी दुसऱ्या दिवशी
आधी मूठभर ज्वारी नुसतीच फिरवली,
पाटातलं जुनं मीठ निघून जावं म्हणून.
ते पीठ बाजूला, गाईला.
"तुझं मिठाचं, मायचं बिनमिठाचं," ते म्हणाले,
"डब्यावर खूण कर फक्त. मले काय कळनार?"

आता माझ्या भाषेत दोन खुणा आहेत,
एक दाण्याची, एक परातीची.
कुठली लावायची ते लिहिणाऱ्यानं सांगायचं,
कंपायलरनं ओळखायचं नाही.
परातीची महाग पडते.
वृषालीला ती अजून पटलेली नाही.

सात किलो कळणं शेजारी किनग्यांकडे गेलं.
आई अळणी भाकरी खाते, तक्रार नाही,
वर हिरवा ठेचा घेते, चांगला गोळाभर.
"त्यात मीठ?"
ती भाकरीचा तुकडा मोडते.
"ठेच्याचं डॉक्टर काही बोलला नाही."